मिरपुड्या पतंग आणि काउआईचा ओ-ओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतंग कुठे, पक्षी कुठे! यांची तुलना करायचीच कशाला?

शंका रास्त आहे. एक सहा पायांचा कीटक, दुसरा पाठीचा कणा असलेला पक्षी. दोघांचा सामायिक पूर्वज शोधायचा तर पन्नास कोटी वर्षांहून मागे जावं लागेल. त्यातून एकाची कथा इंग्लंडात घडली, दुसऱ्याची प्रशांत महासागरातल्या एका बेटावर. पण गेल्या दोनशे वर्षांत दोघांवरही माणसामुळे संकट आलं. पतंगावर कारखान्यांच्या काजळीचं, पक्ष्यावर जहाजांतून उतरलेल्या डास-उंदरांचं. पतंग निभावला, पक्षी संपला. मग लोक पटकन म्हणून मोकळे होतात: "पतंगाने जुळवून घेतलं, पक्ष्याला जमलं नाही."

या "जमलं नाही"मध्ये पक्ष्याच्या माथी दोष मारल्यासारखं होतं, आणि ते मला पटत नाही. खालची बरीचशी उत्तरं त्याच दोन शब्दांभोवती फिरतात.

हे दोघे नेमके कोण?

पतंगाचं शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलारिया, इंग्रजी नाव पेपर्ड मॉथ. पंख पसरले की पाच-सहा सेंटीमीटर भरतो. पांढुरक्या पंखांवर काळे ठिपके, कुणी वरून मिरपूड भुरभुरवावी तसे. मराठीत याला रूढ नाव नाही, म्हणून मी आपला मिरपुड्या म्हणतो. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका अशा मोठ्या पट्ट्यात तो आजही सर्रास सापडतो.

पक्षी म्हणजे काउआई ओ-ओ, शास्त्रीय नाव मोहो ब्राकाटस. हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटाखेरीज तो कुठेच नव्हता. लांबी वीस सेंटीमीटरच्या आसपास, रंग काळपट, गळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा आणि मांड्यांवर गर्द पिवळी पिसं. ब्राकाटस म्हणजे विजार घातलेला. नाव ठेवणाऱ्याची नजर कुठे गेली असेल ते कळतंच. "ओ-ओ" हे मात्र हवाईच्या लोकांनी त्याच्या आवाजावरून दिलेलं नाव.

पतंग म्हणायचं की पाकोळी?

बोलताना दोन्ही चालतं. अडचण अशी, की "पतंग" म्हटलं की मांजा आठवतो आणि "पाकोळी" हे तर एका पक्ष्याचंही नाव आहे. पक्ष्याशी तुलना चालू असताना आणखी गोंधळ नको, म्हणून इथे पतंगच. फुलपाखरापासून तो ओळखायचा तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. नर मिरपुड्याची पिसासारखी.

मिरपुड्याने रंग बदलला म्हणजे नेमकं काय झालं?

एकाही पतंगाने आपला रंग बदलला नाही. कोषातून जो पांढरा बाहेर आला तो पांढराच मेला, काळा आला तो काळाच. बदललं ते पांढऱ्या-काळ्यांचं प्रमाण.

मँचेस्टरजवळ काळा मिरपुड्या सापडल्याची पहिली खात्रीची नोंद १८४८ सालची. तेव्हा तो नवलाचा नमुना होता. १८९५ च्या सुमाराला त्याच भागातले ९८ टक्के मिरपुडे काळे होते. या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते, म्हणजे पन्नासही पिढ्या लागल्या नाहीत. मधल्या काळात कोळशाच्या धुराने दोन कामं केली होती. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने झाडांवरचं फिकट दगडफूल मारलं आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसली. दगडफुलावर बसलेला पांढरा ठिपकेदार पतंग डोळ्याला दिसत नाही. काजळलेल्या खोडावर तोच पतंग भिंतीवर चुन्याचा शिंतोडा उडावा तसा दिसतो, आणि दिसला की पक्षी तो टिपतात. हा अंदाज कीटकांचे अभ्यासक जे. डब्ल्यू. टट यांनी १८९६ मध्येच मांडला होता. १९२४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी कागदावर हिशेब करून दाखवला, की एवढ्या वेगाने बदल व्हायचा तर काळ्या पतंगांची संतती पांढऱ्यांच्या निदान दीडपट तरी टिकत असली पाहिजे. आकडा इतका मोठा होता, की बऱ्याच जणांना तो पचला नाही.

काळा रंग आला कुठून, याचं उत्तर २०१६ मध्ये मिळालं. पेशीतला डीएनएचा एक तुकडा, सुमारे बावीस हजार अक्षरांचा, आपली जागा सोडून "कॉर्टेक्स" नावाच्या जनुकात जाऊन बसला होता. असे जागा बदलणारे तुकडे जवळजवळ सगळ्याच सजीवांत असतात. ही घटना १८१९ च्या आसपास घडली असावी, असं गणित निघालं. घडली ती निव्वळ अपघाताने. काजळीला उत्तर म्हणून कुणी ती घडवली नव्हती. एरवी तो काळा पतंग कुठल्याशा पक्ष्याच्या चोचीत जाऊन गोष्ट तिथेच संपली असती.

पक्षी कुठले पतंग टिपतात हे तपासणारा तो प्रसिद्ध प्रयोग बनावट होता म्हणे. खरं का?

नाही. पण आक्षेप हवेतून आले नव्हते, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पतंगांचे अभ्यासक बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले आणि पुढच्या रात्रींत सापळ्यांत किती परत येतात ते मोजलं. काळ्यांपैकी साडेसत्तावीस टक्के परत मिळाले, पांढऱ्यांपैकी तेरा टक्के. १९५५ मध्ये दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या स्वच्छ रानात हाच खेळ केला, तर आकडे उलटले: पांढरे साडेबारा टक्के, काळे साडेसहाच्या आत. पक्षी पतंग खात नाहीत असं म्हणणारेही होते. त्यांच्यासाठी प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी पक्षी पतंग उचलताना चित्रित केले.

आक्षेप असे होते: पतंग दिवसा सोडले, खोडांवर आयते बसवले, थोड्या जागेत फार सोडले. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलेली छायाचित्रं तर मेलेले पतंग खोडावर लावून काढलेली होती. यातलं बरंचसं खरं आहे. चित्र समजावण्यासाठी होतं, पुरावा आकड्यांत होता. पण एकदा चित्र मांडून काढलंय हे कळलं, की माणूस आकड्यांवरही संशय घेतो. त्यात वाचकाची चूक काढता येत नाही.

मग केंब्रिजमध्ये मायकेल मेजरस यांनी सगळं पुन्हा केलं, आणि घाई केली नाही. २००१ ते २००७ अशी वर्षं, ४,८६४ पतंग. रात्री सोडायचे, जागा त्यांची त्यांना निवडू द्यायची, पहाटे कोण कुठे बसलंय ते बघून ठेवायचं आणि मग दुर्बीण घेऊन पक्ष्यांवर नजर ठेवायची. पतंग जास्त करून आडव्या फांद्यांवर बसतात, खोडावर साधारण एक तृतीयांश, हेही त्यातून कळलं. नऊ जातींचे पक्षी पतंग खाताना दिसले. हवा आता स्वच्छ होती, त्यामुळे काळ्या पतंगांचं टिकणं पांढऱ्यांपेक्षा दिवसाला सुमारे नऊ टक्क्यांनी कमी भरलं. मेजरस २००९ मध्ये वारले. त्यांचे आकडे सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

म्हणजे काळे पतंग आता कमी झाले?

झाले. ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, पुढे धूर ओसरला आणि काळ्यांचं प्रमाण उताराला लागलं. लिव्हरपूलजवळ सिरिल क्लार्क हे डॉक्टर १९५९ पासून आपल्या घराजवळ दर वर्षी पतंग मोजत होते. सुरुवातीला दहातले नऊ काळे. नव्वदच्या दशकात काळे अल्पसंख्य झाले. (आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर बाळाला होणारा धोका टाळणारं इंजेक्शन तयार करण्यात याच क्लार्क यांचा मोठा वाटा. फुलपाखरांच्या जनुकांचा नाद त्यांना तिथवर घेऊन गेला. हे इथल्या विषयाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

पक्षी सुरवंट खात नाहीत का?

खातात, दिसला तर. मिरपुड्याचा सुरवंट उंटअळीच्या जातकुळीतला आहे: मधे पाय नाहीत, म्हणून पाठीची कमान करत वाव-वाव जागा मोजल्यासारखा चालतो. दिवसा मात्र मागच्या पायांनी फांदी घट्ट धरतो, उरलेलं शरीर तिरकं ताठ करतो आणि तासन् तास हलत नाही. डोक्यावर मधोमध खाच, त्यामुळे तेही डिरीच्या टोकासारखं दिसतं. फांदी तपकिरी तर हा तपकिरी, हिरवी तर हिरवा. रंग खरोखर बदलतो तो हाच, पण काही दिवस-आठवडे घेऊन. २०१९ मध्ये प्रयोगशाळेत त्याचे डोळे काळ्या रंगाने झाकून पाहिले, तरीही त्याने फांदीचा रंग बरोबर घेतला. म्हणजे त्याला त्वचेनेही रंग कळतो.

पुढे मोठेपणी पतंग काहीच खात नाही. जे खायचं ते सुरवंटपणी. मग मातीत कोष आणि तिथेच हिवाळा.

ओ-ओ हा मध खाणारा "हनीईटर" पक्षी होता ना?

चोच बाकदार, जीभ मध चाटायची, राहणी तशीच; त्यामुळे दीडशेएक वर्षं त्याला ऑस्ट्रेलियाकडच्या हनीईटर कुळातच धरलं. २००८ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढला, तेव्हा कळलं की नातं तिकडे नाहीच. ओ-ओ आणि त्याच्यासारखे हवाईतले पक्षी मिळून स्वतंत्र कुळ होतं, मोहोइडी. त्यात ओ-ओंच्या चार जाती आणि किओएआ नावाचा एक, अशा पाच जाती. किओएआ १८५९ नंतर दिसला नाही, ओआहू बेटावरचा ओ-ओ त्याहून आधी, १८३७ च्या सुमारास गेला. मोलोकाईवरचा १९०४ नंतर नाही, हवाई या मोठ्या बेटावरचा १९३० च्या दशकापर्यंत तग धरून होता. पाचवा आपला काउआईचा. तेव्हा तो गेला तो एकटा गेला नाही, त्याच्याबरोबर घराण्याचं दार लागलं. कुळ म्हणून त्याची ओळख पटली ती सगळे गेल्यावर.

तो पिसांसाठी मारला गेला का?

हवाईच्या सरदारांची पिसांची वस्त्रं प्रसिद्ध आहेत आणि त्यांत ओ-ओंची पिवळी पिसं लागत. पण त्यासाठी मागणी होती ती मुख्यतः मोठ्या बेटावरच्या ओ-ओला, त्याच्याकडे पिवळी पिसं भरपूर. काउआईच्या ओ-ओकडे मांडीवरची तेवढी. त्याच्या बाबतीत हे कारण नव्हे.

मग तो संपला कशाने?

हवाईत मुळात डास नव्हतेच. १८२६ मध्ये माउई बेटावर एका जहाजातल्या पाण्याबरोबर डासांच्या अळ्या उतरल्या, असं मानलं जातं. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवतापही आला. माणसाला होतो तो हा नव्हे, जंतू वेगळा. इतरत्रचे पक्षी या रोगाबरोबर लाखो वर्षं राहिलेले. हवाईतल्या पक्ष्यांशी त्याची गाठच पडली नव्हती. इइवी या लाल पक्ष्यावर चाचणी घेतली, तेव्हा बाधित डासाच्या एकाच चाव्यानंतर दहातले नऊ पक्षी मेले.

रानडुकरांनी त्यात भर घातली. हवाईच्या रानात माणसाहून उंच नेचे असतात. त्यांच्या खोडाचा गाभा पिठूळ आणि गोडसर, डुकरं ते पाडून आतून पोखरून खातात. उरलेल्या पोकळ खोडाची पन्हळ होते, तीत पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्याभरात अळ्या वळवळू लागतात. डबकं नसलेल्या उतारावरही डासांची सोय झाली ती अशी.

वर उंदीर होतेच. ओ-ओ ओहिआ झाडाच्या ढोलीत घरटं करायचा. ढोली उंदराला आयती सापडते, आणि अंडी-पिल्लांना पळता येत नाही.

खालची रानं रिकामी झाली तसा ओ-ओ वर सरकला. शेवटी उरला तो आलाकाई नावाच्या दलदलीच्या पठारावर. हिवतापाच्या जंतूला डासाच्या पोटात वाढायला तेरा अंशांच्या आसपास ऊब लागते, त्यामुळे थंड उंची हाच पक्ष्यांचा किल्ला. मोठ्या बेटावर चार हजार मीटरच्या वर जाणारे डोंगर आहेत. काउआईचं सर्वांत उंच टोक १,५९८ मीटर. चढायला आणखी डोंगर उरला नाही.

चक्रीवादळाने संपला असंही वाचलं होतं.

नोव्हेंबर १९८२ मध्ये ईवा वादळ आलं. त्याआधी माहीत असलेली शेवटची जोडी होती. वादळानंतर मादी दिसली नाही. नर १९८५ मध्ये शेवटचा दिसला, १९८७ मध्ये आवाज शेवटचा ऐकू आला. १९९२ मध्ये इनिकी हे त्याहून मोठं वादळ येऊन गेलं. पण हजारो वर्षं त्या बेटावर वादळं येतच होती. हजारोंतले काही शे गेले तर जात भरून निघते. दोघांतली एक गेली, तर वादळाला नाव ठेवून काय उपयोग?

त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण आहे ना?

आहे. बासरीसारखे ठसठशीत, घरंगळत जाणारे स्वर. ओ-ओंमध्ये नर-मादी दोघंही गात. शेवटच्या नराचं मुद्रण ऐकलं की एक जाणवतं: तो थोडं गातो आणि थांबतो, पुन्हा गातो, पुन्हा थांबतो. आपल्याकडे हाकेला "ओ" देतात. हाक मारणाऱ्याचं नावच ओ-ओ आणि ओ द्यायला कुणी नाही. हे मनात आल्यापासून मी ते मुद्रण पूर्ण ऐकलेलं नाही. त्याने नेमकं त्याच कारणाने थांबे घेतले असं छातीठोक म्हणता येणार नाही. पक्षी दम खायलाही थांबतात.

बरं, मग पतंग बदलला तसा ओ-ओ का नाही बदलला?

बदल फुकट होत नाही, त्याची किंमत मरणात मोजावी लागते. ती कुणाला परवडते, एवढाच प्रश्न.

मिरपुड्याची मादी दोन हजारांपर्यंत अंडी घालते. पतंगांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहते, म्हणजे त्यांतली सरासरी दोनच मोठी होऊन वीण पुढे नेतात. बाकीची एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव काजळी असो वा नसो, मरणारच होती. पक्ष्यांनी पांढरे जास्त वेचले तरी तो खर्च आधीच मांडलेल्या मरणातून भागला. ओ-ओसारख्या पक्ष्याच्या विणीत एक-दोन पिल्लं. तिथे रोगाने गेलेला प्रत्येक जण मुद्दलातून जातो. व्याज नसेल तर मुद्दल किती दिवस पुरणार?

दुसरं, काळा रंग पतंगांत आधीच येऊन बसला होता, आणि लाखो पतंग असतील तर असा अपघात कुठे ना कुठे होतो. मूठभर पक्ष्यांत लॉटरीची तिकिटंच मूठभर. तिसरं, पतंगासमोर प्रश्न एकच होता: अंगाचा रंग. ओ-ओला डास, जंतू, उंदीर आणि तुटलेलं रान या सगळ्यांना एकाच वेळी उत्तर द्यायचं होतं.

हे नुसतं तर्काचं नाही. हवाईच्या मोठ्या बेटावर आमाकिही नावाचा छोटा हिरवट-पिवळा पक्षी आहे. त्याची संख्या बऱ्यापैकी मोठी राहिली. आज तो डासांनी भरलेल्या सखल रानात हिवताप अंगावर घेऊन जगतो, वाढतो. म्हणजे पक्ष्यांना "जमत नाही" असं नाही. ज्यांच्या गाठीला पुरेसे जीव होते, त्यांच्यातल्या एकाला जमलं.

नामशेष झाला हे ठरवलं कुणी, कधी?

धोक्यातल्या जातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने २००० मध्ये. अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये संरक्षित यादीतून २१ जाती नामशेष म्हणून काढल्या, त्यांत हवाईतले आठ पक्षी होते आणि हा त्यांतला एक. शेवटच्या आवाजापासून तिथवर छत्तीस वर्षं. उशीर वाटतो, पण घाईने नामशेष म्हटलं की शोध आणि संरक्षण दोन्ही थांबतं.

हवाईतल्या उरलेल्या पक्ष्यांसाठी काही चाललंय का?

चाललंय, आणि गंमत म्हणजे तेही डास सोडून. वोल्बाकिया नावाचा जीवाणू कीटकांच्या पेशीत राहतो. रानातल्या माद्यांत असतो त्याहून वेगळ्या वाणाचा वोल्बाकिया असलेले नर सोडले, की त्यांच्या मिलनातून घातलेली अंडी फुटतच नाहीत. नर डास चावत नाहीत, त्यामुळे कितीही सोडले तरी बाधत नाही. २०२३ पासून माउईच्या रानात हेलिकॉप्टर-ड्रोनमधून असे डास सोडले जात आहेत, पुढे काउआईतही सुरू झालं. काउआईच्या आकिकिकी या छोट्या पक्ष्यासाठी मात्र फार उशीर झाला होता. आज तो मुख्यतः पिंजऱ्यात वाढवलेल्या पाखरांत उरला आहे.

मिरपुड्याला तरी धोका नाही ना?

जात म्हणून नाही. पण सर्रास आहे म्हणून कायमचा आहे, असं धरून चालू नका. ब्रिटनमध्ये १९६८ पासून दिव्याच्या सापळ्यांत पतंग मोजले जातात. पन्नास वर्षांत मोठ्या पतंगांची एकूण संख्या एक तृतीयांशाने घटली.

दोघांना कुठे पाहता येईल?

मिरपुड्या ब्रिटनमध्ये मे ते ऑगस्टच्या रात्री दिव्यावर येतो. पांढरी चादर, एक दिवा आणि थोडी जागरणाची तयारी पुरते.

ओ-ओ पाहायचा तर संग्रहालयाचा खण उघडून घ्यावा लागतो, होनोलुलूच्या बिशप म्युझियमसारख्या ठिकाणी. मिरपुड्याही अशाच खणांत असतो: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रांगेत टाचलेला, प्रत्येकाखाली साल लिहिलेलं, आणि नव्या सालांसाठी पुढे जागा सोडलेली. ओ-ओच्या पायालाही तशीच चिठ्ठी बांधलेली असते. पिवळ्या मांड्या अजून पिवळ्याच आहेत.